गाडीचा दम कुठून सुटतो?

आजचा विषय जरा काळ्या तेलाचा आहे, पण ऐका. आपल्या भागातल्या बऱ्याच गटांकडे आता स्वतःची गाडी आहे. कुणाकडे जुनी ओम्नी, कुणाकडे छोटा हत्ती, कुणाकडे सेकंडहँड पिकअप. पापड, मसाले, भाजी, डबे, सगळं त्या गाडीवर चालतं. मग एक दिवस गाडी चढाला दम टाकते, उभ्या जागी थरथरते, आणि गॅरेजमधून निरोप येतो, ‘कॉम्प्रेशन गेलंय. इंजिन उतरवावं लागेल.’ गटाच्या बैठकीत हा निरोप वाचला की पाच मिनिटं कुणी बोलत नाही. कारण इंजिन उतरवणं म्हणजे अंतर्गत कर्जाचा मोठा घास, हे सगळ्यांना कळतं.

पण त्या निरोपात दोन वेगवेगळी वाक्यं आहेत. ‘कॉम्प्रेशन गेलंय’ हे दुखणं झालं. ‘इंजिन उतरवावं लागेल’ हा उपचार झाला. दोन्हींच्या मधे तपासणी असते, आणि आपल्याला कुणी ती दाखवत नाही. ताप आलाय म्हणून कुणी थेट पोट उघडायला सांगितलं तर आपण विचारूच ना, की रक्त तपासलं का? गाडीलाही तेच विचारायचं असतं. त्यासाठी फिटर व्हायला नको. दुखणं कुठे असू शकतं आणि ते कसं शोधतात, एवढं कळलं की पुरतं.

आधी कॉम्प्रेशन म्हणजे काय ते बघू. सायकलचा हवेचा पंप घ्या. पुढच्या भोकावर अंगठा दाबून धरा आणि दांडा आत ढकला. थोडा आत जातो, मग अडतो, आणि हात सोडला की मागे उसळतो. आतली हवा कोंडली गेली, दाबली गेली, हेच कॉम्प्रेशन. इंजिनात हा पंप म्हणजे सिलेंडर आणि दांडा म्हणजे पिस्टन. पिस्टन खाली येताना हवा आणि पेट्रोल आत ओढतो, वर जाताना ते मिश्रण दाबतो, दाबलेल्या मिश्रणावर प्लगची ठिणगी पडते आणि स्फोटाने पिस्टन खाली फेकला जातो, मग पुन्हा वर येताना धूर बाहेर ढकलतो. ओढणं, दाबणं, पेटणं, बाहेर टाकणं. या चार फेऱ्यांतली दुसरी फेरी कच्ची राहिली तर तिसरीत जोर येत नाही. मोकळ्या अंगणात फटाका वाजतो आणि डब्याखाली वाजतो, त्यात जो फरक, तोच इथे.

आता किती दाब? आपल्या घरातला कुकर शिट्टी देतो तेव्हा आत साधारण १ किलोचा दाब असतो, म्हणजे चौरस सेंटीमीटरला १ किलो. गाडीच्या चाकात २ किलोच्या आसपास हवा भरतात. धडधाकट पेट्रोल इंजिनाच्या एका सिलेंडरमध्ये, नुसती सेल्फ मारली आणि ठिणगी दिलीच नाही, तरी १० ते १३ किलोपर्यंत दाब तयार होतो. म्हणजे दहा-बारा कुकर एकावर एक. ओम्नीचं उदाहरण घ्या. १९८४ साली मारुती व्हॅन म्हणून आलेली आणि २०१९ मध्ये बनवणं बंद झालेली ही गाडी अजून आपल्या रस्त्यांवर भरपूर आहे. तिच्या ७९६ सीसीच्या इंजिनात ३ सिलेंडर, आणि प्रत्येकाची रुंदी ६८.५ मिलिमीटर, चहाच्या बशीपेक्षाही लहान. त्या एवढ्याशा जागेवर १२ किलोचा दाब म्हणजे पिस्टनच्या डोक्यावर सुमारे ४४० किलोचं ओझं. पेटायच्या आधीच! ज्वारीची चार-साडेचार क्विंटल पोती एका वाटीवर ठेवल्यासारखं. तेव्हा एवढा दाब कोंडून धरणारी जागा जराशी फटली तरी दम सुटणार, यात नवल नाही.

गेजवर दोन आकडे छापलेले असतात, किलोचे आणि पीएसआयचे. १ किलो म्हणजे साधारण १४.२ पीएसआय. गॅरेजवाला ‘एकशे सत्तर आहे’ म्हणाला तर तो पीएसआयमध्ये बोलतोय, म्हणजे १२ किलो. घाबरू नका.

ही गोष्ट आपल्या माणसांना नवी नाही खरं तर. विहिरीवर किर्लोस्करचं डिझेल इंजिन ज्यांच्या घरी होतं त्यांनी आठवून बघा. पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली आणि तिची इंजिनं गावोगाव पोचली. हँडल मारून चालू करायची ती इंजिनं. डोक्यावर एक लहानशी खिटी असायची. ती उचलली की व्हॉल्व्ह उघडा राहायचा, दाब तयार व्हायचा नाही, हँडल गरगर फिरायचं. चाकाला वेग आला की खिटी पाडायची, दाब एकदम पकडायचा आणि इंजिन धडधडायला लागायचं. खिटी पाडलेली असतानाही हँडल हलकं फिरलं की वडीलधारी माणसं म्हणायची, ‘ह्यात दम राहिला नाही.’ गेज नव्हतं, पण हाताला कळायचं.

आता दम सुटतो कुठून? सिलेंडरला बाहेर जायच्या वाटा मोजक्याच आहेत. कुकरच डोळ्यांसमोर ठेवा. कुकरची वाफ सुटते ती एक तर झाकणाच्या रबरी रिंगमधून, किंवा शिट्टी नीट न बसल्यामुळे, किंवा मग भांडंच झिजलेलं असेल तर. इंजिनातही तसंच.

पहिली वाट पिस्टनच्या रिंगांची. पिस्टनभोवती लोखंडी कडी असतात, वरची दोन दाब धरायला आणि खालचं एक तेल निपटायला. वर्षानुवर्षं तेल बदललं नाही, एअर फिल्टर फाटका ठेवून धूळ आत जाऊ दिली, की ही कडी आणि सिलेंडरची भिंत, ज्याला मिस्त्री बोअर म्हणतात, दोन्ही झिजतात. मग दाब पिस्टनच्या बाजूने खाली उतरतो आणि खालचं तेल वर चढतं. सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, दर आठवड्याला तेल घालावं लागतं.

दुसरी वाट व्हॉल्व्हची. हवा आत यायचा एक दरवाजा, धूर बाहेर जायचा एक. ओम्नीत प्रत्येक सिलेंडरला असे दोनच. दाबाच्या वेळी दोन्ही दरवाजे गच्च बंद हवेत. धूर जायचा व्हॉल्व्ह कायम आगीच्या तोंडी असतो, त्यामुळे बहुतेक वेळा तोच जळतो, त्याची कड खाल्ली जाते.

तिसरी वाट हेड गॅस्केटची. इंजिनाचं खालचं धड म्हणजे ब्लॉक, वरचं डोकं म्हणजे हेड, आणि मधे पातळ पत्र्यासारखं गॅस्केट. रेडिएटरमध्ये पाणी कमी असताना गाडी तापवत नेली की हेड वाकतं आणि गॅस्केट फुटतं. दाब मग शेजारच्या सिलेंडरमध्ये नाहीतर पाण्याच्या वाटेत शिरतो. पांढरा धूर, पाणी रोज कमी होणं, तेलाच्या झाकणाखाली साय धरल्यासारखा पांढरट थर, या त्याच्या खुणा. मात्र थंडीच्या दिवसांत थोड्या थोड्या अंतराच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीच्या झाकणाखालीही असा थोडा थर साचतो, नुसता बाष्पाचा. एवढ्यावरून गॅस्केट गेलं म्हणू नये. आणि गरम गाडीच्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, कुणी कितीही घाई केली तरी.

आणखी एक कारण आहे, टायमिंग बेल्ट. तो घसरला की दरवाजे भलत्या वेळी उघडतात आणि सगळ्याच सिलेंडरांचा दाब एकदम पडतो. तुटला तर सेल्फ मारल्यावर इंजिन नेहमीपेक्षा हलकं, भर्रकन फिरतं आणि चालू काही होत नाही.

पण मुळात कॉम्प्रेशनच गेलंय कशावरून? गाडी थरथरते, एक सिलेंडर मिसिंग मारतो, पिकअप नाही, या तक्रारी पन्नास रुपयांच्या कारणानेही होतात. प्लग काळा पडलेला असतो, प्लगची वायर चिरलेली असते, कॉइल गेलेली असते, कार्बोरेटरमध्ये कचरा असतो. म्हणून चांगला मिस्त्री आधी आजारी सिलेंडर कोणता ते शोधतो. गाडी चालू ठेवून तो एकेका प्लगची वायर काढतो. धडधाकट सिलेंडरची वायर काढली की इंजिन लगेच अडखळतं. जिची काढूनही आवाजात काही फरक पडत नाही, तो सिलेंडर आधीपासूनच काम करत नव्हता. हे तुम्ही हाताने करू नका, त्या वायरमध्ये हजारो व्होल्टचा झटका असतो. नव्या इंजेक्शनच्या गाड्यांत तर वायर काढण्यापेक्षा त्या सिलेंडरचा इंजेक्टर बंद करतात, नाहीतर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या महागड्या भागाची वाट लावतं. मग त्या सिलेंडरचा प्लग शेजारच्यात घालून बघायचा. आजार प्लगबरोबर शेजारी गेला तर प्लगच खराब. जागचा हलला नाही तर पुढे जायचं.

पुढे म्हणजे कॉम्प्रेशन गेज. हे काही मोठं यंत्र नाही. प्लगच्या भोकात फिरवून बसवायची नळी आणि तिच्या टोकाला घड्याळासारखी तबकडी. तपासणीची रीत मात्र नीट पाळावी लागते, नाहीतर आकडा खोटं बोलतो. इंजिन चालवून गरम केलेलं हवं. बॅटरी भरलेली हवी, कारण सेल्फ मरगळलेली फिरली तर चांगल्या इंजिनाचाही दाब कमी दिसतो. ठिणगी बंद आणि इंधन बंद, गॅसची गाडी असेल तर टाकीचा व्हॉल्व्ह बंद. सगळे प्लग काढायचे, एकच नाही. आणि एक्सलेटर पूर्ण दाबून धरायचा. हा शेवटचा भाग घाईत राहतो. एक्सलेटर मोकळा सोडला तर हवेची वाट अर्धवट बंद राहते, सिलेंडरला दाबायला पुरेशी हवाच मिळत नाही. हे काम आपल्यापैकी एकीने गाडीत बसून करावं. काम होतं आणि तबकडीही समोर दिसते.

मग सेल्फ मारायची, पाच-सहा सेकंद. तबकडीचा काटा टप्प्याटप्प्याने चढतो. काटा थांबला की आकडा कागदावर लिहायचा. प्रत्येक सिलेंडरचा दोनदा. आकड्याइतकंच काट्याच्या चालीकडे लक्ष द्या. चांगला सिलेंडर पहिल्याच झटक्यात अर्ध्याच्या वर जातो आणि लवकर स्थिरावतो. रिंगा झिजल्या असतील तर पहिला झटका कमी, पण पुढे थोडा थोडा चढत राहतो. व्हॉल्व्ह गळत असेल तर पहिला झटकाही कमी आणि पुढेही तो फारसा चढत नाही.

नेमका किती आकडा हवा हे प्रत्येक गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे सिलेंडरांमधला आपसातला फरक. तिघी-चौघी सारख्या दमल्या असतील तर गाडी म्हातारी झाली, एवढंच. एकच मागे असेल तर तिथे काहीतरी बिघडलंय. सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्तीच्या पाऊण भागाखाली गेला की दुखणं पक्कं समजतात. एकमेकांशेजारचे दोन सिलेंडर सारखेच खाली असतील तर संशय त्या दोघांच्या मधल्या गॅस्केटवर. आणि एक गंमत सांगते. हीच गाडी महाबळेश्वरला नेऊन तपासली तर सगळे आकडे दहा-पंधरा टक्क्यांनी कमी येतील. तिथली हवाच विरळ. त्यात गाडीचा काही दोष नाही.

आता माझी सर्वांत आवडती तपासणी. तुमच्यापैकी ज्यांनी रॉकेलच्या स्टोव्हला पंप मारलाय त्यांना ही सांगायलाच नको. पंप मारून मारून हात दुखायचा आणि हवा काही भरायची नाही. मग आई दांडा बाहेर काढायची, टोकाच्या चामड्याच्या वायसरवर खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडायची, वायसर फुलवून परत बसवायची, आणि पंप लगेच पकडायचा. इंजिनाची ओली तपासणी म्हणजे हेच. ज्या सिलेंडरचा आकडा कमी आलाय त्याच्या प्लगच्या भोकातून चहाचा एक चमचा इंजिन ऑइल सोडायचं, सेल्फ दोन-तीन वेळा फिरवून ते पसरू द्यायचं, आणि गेज पुन्हा लावायचं. आकडा चांगला वर चढला तर तेलाने रिंगांची फट तात्पुरती भरली, म्हणजे दोष रिंगांत किंवा बोअरमध्ये. आकडा होता तिथेच राहिला तर दोष वर आहे, व्हॉल्व्हमध्ये किंवा गॅस्केटमध्ये, कारण तिथवर हे तेल पोचत नाही. तेल चमचाभरच. जास्त ओतलं तर ते स्वतःच जागा अडवतं आणि आकडा उगाच फुगतो.

एक चमचा तेल. पण याच्यावर पैशाचं सगळं गणित फिरतं. वरचा दोष असेल तर फक्त हेड उतरवून भागतं, आपल्याकडे त्याला हाफ काम म्हणतात. खालचा दोष असेल तर इंजिन उघडून पिस्टन बाहेर काढावे लागतात, बोअर मारावा लागतो, ते फुल काम. दोन्हींच्या खर्चात दुपटी-तिपटीचा फरक पडतो.

आमच्या भागातल्या एका गटाची हकिगत सांगते. अकरा जणी, गॅसवर चालणारी ओम्नी, दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी तीन आठवड्यांवर आलेल्या. गाडी मिसिंग मारायला लागली. एका गॅरेजमध्ये बॉनेटही न उघडता, म्हणजे ओम्नीत सीटही न उचलता, नुसता आवाज ऐकून सांगितलं, ‘फुल इंजिन, बत्तीस हजार.’ गाडी चालवणारी ताई म्हणाली, ‘आकडे दाखवा.’ ‘ताई, ते तुम्हाला नाही कळायचं.’ हे वाक्य आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकलंय, बँकेत, दवाखान्यात, तलाठ्याच्या दारात. मला त्या माणसाला चोर म्हणायचं नाही. त्याच्याकडे बहुधा गेजच नसावं, आणि गेज नसलं की मोठं काम सांगणं सोपं पडतं. पण बत्तीस हजार गेले असते तर त्या वर्षीचा नफा वाटायला राहिला नसता, आणि दोघींनी मुलांच्या फीसाठी उचल मागितलेली होती.

गाडी दुसऱ्या मिस्त्रीकडे नेली. त्याने गेज लावलं. पहिला सिलेंडर ११.५ किलो, दुसरा ११.४, तिसरा ६.५. चमचाभर तेल घातलं, तिसरा ६.८. म्हणजे जवळजवळ जागचा हलला नाही. रिंगा ठीक, दोष वर. शेजारचा दुसरा सिलेंडर उत्तम असल्यामुळे मधलं गॅस्केट फुटल्याची शक्यताही कमी झाली. मग त्याने शेवटची तपासणी केली. तीही ऐका, फार सुंदर आहे. जुन्या प्लगचं पोट पोखरून त्याला हवेची नळी जोडलेली होती. तिसऱ्या सिलेंडरचा पिस्टन दाबाच्या फेरीत अगदी वर आणून ठेवला, म्हणजे दोन्ही दरवाजे बंद असायला हवेत अशी जागा. मग पंक्चरवाल्याकडे असतो तसल्या कॉम्प्रेसरची हवा त्या नळीतून आत सोडली. आता कोंडलेली हवा कुठून सुटते ते फक्त कान लावून ऐकायचं. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर धूर जायचा व्हॉल्व्ह गळतोय. एअर फिल्टरच्या बाजूने आली तर हवा यायचा व्हॉल्व्ह. तेलाचं झाकण काढल्यावर तिथून आली तर रिंगा. गार रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे आले तर गॅस्केट. शेजारच्या प्लगच्या भोकातून आली तरी गॅस्केटच. ही हवा सोडताना पिस्टन जोराने खाली ढकलला जाऊ शकतो, इंजिन फिरतं, म्हणून त्या वेळी पट्ट्याजवळ हात, ओढणी, पदर काही नको.

फुसफुस सायलेन्सरमधून आली. ती ताई म्हणे मागे जाऊन सायलेन्सरशी कान लावून बसली होती, आणि रस्त्यावरची पोरं बघायला जमली होती.

तरीही मिस्त्रीने लगेच हेड उतरवलं नाही. आधी व्हॉल्व्हवरचं झाकण उघडून टॅपेट तपासलं. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा दांडा यांच्यामधे केसाएवढी फट ठेवलेली असते, गरम झाल्यावर व्हॉल्व्हची लांबी वाढते त्याला जागा म्हणून. गॅसवर चालणाऱ्या गाड्यांत व्हॉल्व्हची बैठक जास्त झिजते, व्हॉल्व्ह हळूहळू वर सरकत जातो आणि ही फट बुजते. फट बुजली की दरवाजा पूर्ण मिटतच नाही, आणि मिटला नाही की आगीत भाजतो. तिसऱ्याची फट शून्य होती. फट नीट बसवून पुन्हा गेज लावलं, आकडा ८ वर आला. वाढला, पण पुरेसा नाही, म्हणजे कड जळलेली होती. मग हेड उतरवलं. एक व्हॉल्व्ह नवा, बैठक कापून घेतली, बाकीचे व्हॉल्व्ह घासून बसवले, गॅस्केट नवं. बिल ७,८०० रुपये. काम झाल्यावर तिसऱ्याचा आकडा ११.२. तो कागद गटाच्या फायलीत आहे.

गॅसची गाडी असेल तर टॅपेट ठरलेल्या किलोमीटरला तपासून घ्या, एवढं मात्र मी आग्रहाने सांगेन. तासाभराचं काम आहे, हेडच्या कामाच्या मानाने किरकोळ.

डिझेलच्या गाड्यांचं थोडं वेगळं. तिथे प्लगची ठिणगी नसते. हवा इतकी दाबतात की ती ५०० अंशांच्या वर तापते आणि डिझेल फवारलं की आपोआप पेटतं. त्यामुळे तिथे दाब सव्वीस, अठ्ठावीस, तीस किलोपर्यंत असतो, आणि पेट्रोलचं गेज तिथे लावलं तर फुटू शकतं. डिझेलचं कॉम्प्रेशन उतरायला लागलं की पहिली खूण सकाळी दिसते. थंडीत गाडी चालू व्हायला त्रास देते, झाल्यावर थोडा वेळ पांढरा धूर टाकते, दुपारी मात्र एका सेल्फमध्ये चालू होते. धक्का स्टार्ट करत महिनोन् महिने चालवणारे लोक आहेत, तेवढ्यात रिंगा आणखी खाल्ल्या जातात.

आता जुनी गाडी घेणाऱ्या गटांसाठी. परवाच एका बैठकीत सेकंडहँड पिकअपचा विषय होता, रंग बघून झाला, टायर बघून झाले, टेप वाजवून झाला. इंजिनाचं कुणीच विचारलं नाही. सौदा ठरण्याआधी आपल्या ओळखीच्या मिस्त्रीकडून सगळ्या सिलेंडरांचं कॉम्प्रेशन काढून घ्या आणि आकडे तारखेसह लिहून ठेवा. त्याची मजुरी आपण द्यायची, विकणाऱ्याच्या मिस्त्रीवर सोडायचं नाही. तपासायला ‘नको’ म्हणणाऱ्याची गाडी मी तरी घेणार नाही.

गेज लावण्याआधी तुम्हालाही दोन गोष्टी बघता येतात. इंजिन चालू असताना तेलाचं झाकण जपून सैल करून बघा. थोडी फुंकर असतेच, पण तिथून सायलेन्सरसारखा धूर भसाभसा येत असेल तर रिंगा संपल्यात. आणि सेल्फचा आवाज ऐका. निरोगी इंजिनाची सेल्फ एका तालात फिरते, जात्यावरच्या हातासारखी. एक सिलेंडर दुबळा असेल तर दर फेरीला एकदा ती पटकन पुढे सरकते, लंगडल्यासारखी. हे ऐकायला इंजिन गार हवं. तुम्ही पोचाल तेव्हा विकणाऱ्याने गाडी आधीच गरम करून ठेवली असेल, तर चहा घ्या, किमतीचं काही बोलू नका आणि उद्या सकाळी सातला येतो म्हणून सांगा.